पाहुणं क्वार्टेट: छोटं सभागृह की क्लब?

परदेशी जॅझ क्वार्टेट (चार वादकांचा संच) मुंबईत आलं की कधीकधी दोन रात्री वाजवतं: एकदा छोट्या सभागृहात, एकदा जेवणाची टेबलं मांडलेल्या क्लबात. एकच तिकीट काढायचं तर कुठलं, असं मित्र विचारतात. दोन्हीकडे बसून ऐकलंय, म्हणून सांगतो.

आधी क्लबाची बाजू, कारण ती भक्कम आहे. मुंबईत जॅझ रुजला तो हॉटेलांतच. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा बँड ताजमध्ये आला, पुढे टेडी वेदरफोर्ड आला, आणि सोबत गोव्याचे वादक. त्यांतल्याच चिक चॉकलेटचा ट्रंपेट नंतर सी. रामचंद्रांच्या संगीतातही वाजला. शिवाय क्लबात दोन सेट, म्हणजे वादनाचे दोन भाग, होतात. पहिल्यात वादक खोलीचा अंदाज घेतात आणि दुसऱ्यात मोकळे सुटतात. सभागृहात दीड तासात आटपतं, बरेचदा रंग चढायला लागतो तेव्हाच. पियानोवादक बिल एव्हान्सचं १९६१ चं गाजलेलं ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबातलं. त्यात ग्लासांची किणकिण ऐकू येते, आणि ती मला प्रियच आहे.

तरीही माझं मत फिरलं ते डबल बेसच्या (उभं धरून वाजवायचं, खर्जातलं मोठं तंतुवाद्य) एका सोलोमुळे, म्हणजे एकट्याच्या वादनामुळे. दोन वर्षांपूर्वी एका क्लबात बॅलड, म्हणजे संथ गाणं, चाललं होतं. सॅक्सोफोनवाला बाजूला झाला, पियानोवाल्याने हात मांडीवर घेतले, ड्रमरने काठ्यांऐवजी वापरायचे ब्रश अगदी हलके केले. बेसवाल्याने पहिले चार सूर लावले आणि बारमध्ये मिक्सर सुरू झाला. मिक्सर थांबला तेव्हा टेबलाटेबलांवर गप्पा रंगल्या होत्या. बाकीचे तिघे गप्प झाले, म्हणजे आता बोलायला हरकत नाही, असं लोकांनी धरलं असावं. बेसवाला वाद्यावर आणखी वाकला, स्वतःलाच ऐकू यावं म्हणून. एका आवर्तनात त्याने सोलो आवरता घेतला. त्याला पुढे जायचं होतं असं मला आजही वाटतं. पुढेही दोन-तीनदा, वेगवेगळ्या जागी, नेमकं बेसच्याच वेळी हे झालं.

मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या एक्सपेरिमेंटल थिएटरसारख्या, सुमारे ३०० खुर्च्यांच्या खोलीत हेच वादन वेगळं लागतं. तारेवरून बोट उचलल्याचा आवाज येतो. स्नेअर ड्रमवर गोल फिरणारा ब्रश ऐकू येतो. पियानोवाला एखादा कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) मुद्दाम गाळतो आणि ड्रमर मान वर करतो, तेही दिसतं. ज्यांना बैठकीत तंबोऱ्याच्या जवळ बसायची सवय आहे, त्यांना हे सुख नव्याने सांगायला नको. १९५२ पासून मॉडर्न जॅझ क्वार्टेटने टक्सिडो घालून जॅझ कॉन्सर्ट हॉलमध्ये नेला, त्यामागे त्यांचा पियानोवादक जॉन लुईस याचा हाच आग्रह होता: शांतपणे ऐका.

सभागृहाचेही दोष आहेत. सोलोनंतर टाळी द्यावी की नाही, या संकोचात लोक बसून राहतात आणि वादक थंडावतात. ड्रमर जोरकस असेल तर लहान खोलीत सिंबल, म्हणजे ड्रमसोबतच्या झांजा, पियानोला गिळतात. क्वार्टेटमध्ये ऑर्गन किंवा इलेक्ट्रिक गिटार असेल आणि पाय थिरकवणारं वाजवणार असतील, तर क्लबच बरा. दुसऱ्या सेटपर्यंत थांबा मात्र.

पण पियानो, डबल बेस, ड्रम आणि एक सॅक्सोफोन असा साधा संच असेल, तर मी तरी सभागृहाचंच तिकीट काढीन. चौथ्या-पाचव्या रांगेत, मधल्या वाटेच्या डावीकडे. पियानोची पट्टी बहुधा त्या बाजूला असते, बोटं दिसतात आणि बेसही समोर येतो. बेसच्या सोलोनंतर पहिली टाळी तुम्ही द्या, बाकीचे देतील.