ठाण्यातला नेटवर्किंग + सिक्युरिटीचा क्लास: पहिला महिना पैसे वसूल, दुसरा जाऊद्या

नौपाड्यातल्या एका क्लासचा शनिवार-रविवारचा कोर्स नुकताच संपवला. क्लासचं नाव टाकत नाही, कारण अर्धं वाईट लिहिणारे आणि सर्टिफिकेट अजून हातात यायचंय. फी १८ हजार, दोन महिने. मी ऐरोलीहून ट्रान्सहार्बरने जायचो, सुटल्यावर मामलेदारची मिसळ, त्यामुळे रविवार तसाही फुकट गेला नाही.

पहिला महिना नेटवर्किंगचा. शिकवणारे सर साठीच्या आसपासचे, आयुष्यभर ऑफिसांमधून केबल टाकलेले. ओएसआयचे (नेटवर्कचं काम थरांत वाटून दाखवणारं मॉडेल) सात लेयर पाठ करायला लावतील असं वाटलेलं, तर त्यांनी पहिल्याच दिवशी हातात क्रिम्पिंग टूल (केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवायची पक्कड) दिलं. मी आठ वायरी जोडीजोडीने लावल्या, नारंगी, हिरवी, निळी, चॉकलेटी, दोन्ही टोकांना सेम, टेस्टरवर एक ते आठ सगळे दिवे ओळीने लागले आणि मी खूश. सर म्हणाले, "दिवे लागले रे, पण केबल चुकलीये." हिरव्या जोडीची एक वायर तीन नंबरला आणि दुसरी सहाला जायला हवी, निळी जोडी मधे चार-पाचला. कारण तीन-सहा ही सिग्नलची एक जोडी, आणि एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरींवरूनच ती गेली पाहिजे, नाहीतर शेजारच्या जोडीचा गोंधळ हिच्यात शिरतो. स्वस्तातला टेस्टर नुसतं बघतो की ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वायर तुटलेली नाही ना, पिळाचं त्याला काय कळणार. घरी दोन वर्षं नेट का रडतंय ते मला तिथे कळलं, भिंतीतली केबल मीच लावली होती 😅

दुसरी भारी गोष्ट वायरशार्क, नेटवर्कवरून जाणारी पॅकेट म्हणजे डेटाचे तुकडे पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर. सरांनी सरावाच्या व्हर्च्युअल मशीनवर (लॅपटॉपातच चालणारा नकली कॉम्प्युटर) टेलनेटने, म्हणजे काहीच न लपवता लांबच्या मशीनशी बोलायच्या जुन्या पद्धतीने, लॉगिन करायला लावलं आणि ते पॅकेट पकडून फॉलो टीसीपी स्ट्रीम (सगळं बोलणं सलग दाखवणारा ऑप्शन) दाबलं, तर पासवर्ड चक्क समोर. युजरनेमचं प्रत्येक अक्षर दोनदा दिसत होतं, कारण आपण टाइप केलेलं अक्षर सर्व्हर परत पाठवतो, पासवर्डचं पाठवत नाही म्हणून तो एकदाच. मग तेच एसएसएचने, म्हणजे सगळं एन्क्रिप्ट करून, केलं तर सगळी खिचडी. टेलनेटचा पोर्ट २३ (पोर्ट म्हणजे मशीनचं नंबर दिलेलं दार) का बंद ठेवायचा हे परत कुणाला विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या महिन्यात नवीन मास्तर, बावीस-तेवीसचा, हुडी घालून. काली लिनक्स (हॅकिंगच्या टूलांनी भरलेली ऑपरेटिंग सिस्टिम), एनमॅप (कुठले पोर्ट उघडे ते स्कॅन करणारं टूल), सगळी टूलं धडाधड दाखवली, कमांड कॉपी करा, पेस्ट करा, पुढे. माझ्या ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर काली आणि मेटास्प्लॉइटेबल (सरावासाठी मुद्दाम कच्चं ठेवलेलं मशीन) दोन्ही एकदम चालू केलं की माउससुद्धा हलेना, हे अ‍ॅडमिशन घेताना कुणीच सांगितलं नाही, ८ तरी हवीच. स्कॅनमध्ये २१ नंबरच्या पोर्टवर व्हीएसएफटीपीडी २.३.४ (फायली देण्याघेण्याचं सर्व्हर सॉफ्टवेअर) दिसलं. २०११ मध्ये ह्याच व्हर्जनच्या डाउनलोडमध्ये कुणीतरी बॅकडोअर (आत शिरायचा चोरदरवाजा) घुसवलं होतं, पण ही गोष्ट मला घरी येऊन शोधावी लागली, ह्याने नुसतं "बघा, आत गेलो" म्हणून टाळ्या घेतल्या.

आणि कहर म्हणजे एकदा म्हणतो, बाजूच्या ऑफिसचं वायफाय दिसतंय, त्यावर ट्राय करा. मी म्हटलं परवानगी कुठाय, तर हसला. अरे बाबा, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कात शिरलं की आयटी कायद्याचं ४३ कलम, लबाडीने केलं तर ६६, म्हणजे ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिकणाऱ्यांसाठी एनमॅपवाल्यांनीच स्कॅनमी डॉट एनमॅप डॉट ऑर्ग हे मशीन ठेवलंय, थोडंफार स्कॅन खुशाल करा म्हणतात, ते एकदाही दाखवलं नाही.

एसी चांगला, बाथरूम ठीक. नुसता पहिला महिना वेगळा देत नाही असं बोर्डावर लिहिलंय, पण रिसेप्शनवरच्या ताईंशी नीट बोललं तर १० हजारात करून देतात, आमच्या बॅचमधल्या एकाने केलंय. फक्त आधी विचारून घ्या, सर तेच आहेत ना.