घरगुती आरओ: आर्सेनिकच्या बाबतीत त्यावर कितपत भरवसा ठेवावा?

पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक हे मूत्राशयाच्या कर्करोगाचं सिद्ध झालेलं कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम. बोअरवेलच्या पाण्याला आरओ लावणं योग्यच. मात्र विक्रेते सहसा सांगत नाहीत ते असं: पाण्यातलं आर्सेनिक दोन रूपांत असतं; आरओची मेम्ब्रेन (गाळणारा बारीक पडदा) त्यातलं आर्सेनेट चांगलं अडवते, आर्सेनाइट बरंचसं निसटतं, आणि ऑक्सिजन कमी असलेल्या भूजलात तेच जास्त सापडतं. म्हणून आधी आर्सेनाइटचं आर्सेनेट करणारं क्लोरीन, मग उरलेलं क्लोरीन काढणारा कार्बन, मग मेम्ब्रेन असाच क्रम हवा. मधला कार्बन संपला की क्लोरीन मेम्ब्रेनला खातं. क्लोरीनची सोय नसलेलं मॉडेल अशा पाण्यासाठी घेऊच नये.

नुसतं यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र) इथे बिनकामाचं. पाणी उकळलं तर आर्सेनिक उलट दाट होतं. टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा) आकडा बघून खूश होऊ नका, त्यातून आर्सेनिक कळत नाही; गाळलेलं पाणी प्रयोगशाळेतूनच तपासून घ्या.

स्वयंपाकालाही हेच पाणी वापरा. तांदूळ सहापट पाण्यात शिजवून पेज ओतून दिली तर तांदळातलंही आर्सेनिक घटतं. सोबत थोडी जीवनसत्त्वंही जातात.