एका पोर्टवर चार ग्राहक: लिनक्सच्या एचटीबीचा परखड रिव्ह्यू

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात असो की मिहानात, एकाच सर्व्हरवर केव्हीएमची (लिनक्समधली, एका यंत्रात अनेक आभासी संगणक चालवणारी सोय) चार-पाच व्हर्च्युअल मशीन ग्राहकांना देणाऱ्याकडे एक तक्रार हमखास येते: रात्री एकाचा बॅकअप सुरू झाला की बाकीच्यांच्या साइट रेंगाळतात. टीसीपी (डेटा पोचवण्याची नेटची नेहमीची पद्धत) नेट वाटतं ते कनेक्शन मोजून, ग्राहक मोजून नव्हे. एकानं ४० कनेक्शन उघडली आणि दुसऱ्यानं एकच, तर पहिला साधारण ४० पट घेऊन जातो.

यावर लिनक्सच्या टीसीमधलं (ट्रॅफिकला वळण लावणारी आज्ञा) एचटीबी, म्हणजे वेगाची ग्राहकवार वाटणी करणारी पद्धत, हा फुकट आणि भरवशाचा इलाज आहे. १ गिगाबिटच्या पोर्टवर मूळ क्लासला (वाटणीतला सगळ्यात वरचा गट) ९५० एमबिट (सेकंदाला मेगाबिट) द्या. थोडं कमी अशासाठी, की रांग स्विचमध्ये न लागता आपल्या ताब्यात राहावी. त्याखाली चार ग्राहकांना चार क्लास: रेट २०० (हमीचा वेग), सील ९५० (कमाल). शेजारी गप्प असला की त्याचा वाटा उसना मिळतो, तो कामाला लागला की परत जातो. ही उसनवारीच एचटीबीची खरी ताकद. सगळ्या रेटची बेरीज मूळ क्लासच्या वर जाऊ देऊ नका. एचटीबी ती तपासत नाही, हमी मात्र खोटी ठरते.

सगळ्यात फसवी जागा क्वांटमची, म्हणजे एका पाळीत क्लासला किती बाइट पाठवू द्यायचे त्या आकड्याची. उरलेला वेग क्वांटमच्या प्रमाणात वाटला जातो आणि क्वांटम म्हणजे बाइटमधला रेट भागिले १०. पण तो २,००,००० बाइटच्या वर गेला की कर्नल (लिनक्सचा गाभा) तिथंच अडवतो आणि लॉगमध्ये एक इशारा टाकतो. म्हणजे १६ एमबिटच्या वरचे सगळे क्लास उसनवारीत सारखेच! ४०० एमबिटचे पैसे भरणारा आणि १०० चे भरणारा, दोघांना उरलेल्यातलं सारखंच मिळतं. हा सरळ अन्याय आहे. क्वांटम हातानं लिहा: १०० वाल्याला १५,०००, ४०० वाल्याला ६०,०००.

एककातही चूक होते. टीसीत एमबीपीएस म्हणजे मेगाबाइट, मेगाबिटसाठी एमबिटच लिहायचं. नाहीतर आठपट वेग दिला जातो आणि आकडा बरोबरच दिसत राहतो. डिफॉल्ट क्लासही (कुठल्याच फिल्टरमध्ये न बसणाऱ्या ट्रॅफिकसाठीचा) विसरू नका. तो नसेल तर फिल्टरमध्ये न सापडलेलं ट्रॅफिक कुठल्याही मर्यादेविना निघून जातं. आकडेवारीत 'डायरेक्ट पॅकेट्स' शून्य दिसलं पाहिजे.

दिशेचंही भान ठेवा. व्हर्च्युअल मशीनच्या टॅप इंटरफेसवर (त्या मशीनला सर्व्हरशी जोडणारं आभासी नेटवर्क कार्ड) लावलेला एचटीबी त्या मशीनचं डाउनलोड आवरतो. बॅकअप म्हणजे अपलोड, त्यासाठी तो फिजिकल कार्डावरच हवा. प्रत्येक क्लासखाली एफक्यू-कोडेल (कनेक्शनांना आळीपाळीनं सोडणारी, रांग छोटी ठेवणारी पद्धत) जोडा, म्हणजे त्याच ग्राहकाचा बॅकअप त्याच्याच एसएसएचला (दुरून सर्व्हर चालवण्याचं कनेक्शन) गुदमरवणार नाही.

१ गिगाबिटला हे बिनधास्त घ्या. १० गिगाबिटला नको: सगळ्या कोअरना एकाच लॉकसाठी थांबावं लागतं, कार्डाच्या अनेक रांगा वाया जातात. तिथं ईबीपीएफनं (कर्नलमध्ये चालणारे छोटे प्रोग्रॅम) प्रत्येक पॅकेटची सुटण्याची वेळ ठरवून एफक्यू (त्या वेळेनुसार पॅकेट सोडणारी रांग) वापरणं बरं. आणि दहा सर्व्हर एकदम एकालाच उत्तर पाठवू लागले, तर गर्दी रॅकच्या स्विचमध्ये होते. तिथं एचटीबीचा हात पोचत नाही. स्विचवर ईसीएन (पॅकेटवर गर्दीची खूण करणारी सोय) आणि दोन्ही टोकांच्या मशीनवर डीसीटीसीपी (ती खूण पाहून वेग कमी करणारं टीसीपी) लागतं.