मुन्नारची पावसाळी राइड आणि मागचा एक हेडलाइट

मी साताऱ्यातल्या पाटणची. नोकरीमुळे तीन वर्षं कोचीत आहे. जुलैतल्या एका शनिवार-रविवारी इथल्या एका छोट्या ग्रुपबरोबर कोची-मुन्नार-मरयूर बाइक राइड केली. गाडी आपापली, माझी क्लासिक ३५०. बाकी सगळं त्यांचं: पुढे वाट दाखवणारा लीड, शेवटी सगळ्यांच्या मागे राहून कुणी सुटत नाही ना ते पाहणारा स्वीप, सामानाची जीप, मेकॅनिक, मुक्काम आणि जेवण. माणशी साडेसहा हजार.

पहाटे साडेपाचला तृप्पुणित्तुराला जमलो. लीडनं प्रत्येक टायरची नक्षी टॉर्च मारून पाहिली. एकाचा मागचा टायर गुळगुळीत झाला होता. त्याला गाडी तिथेच लावायला सांगितली. "पैसे परत घ्या किंवा जीपमध्ये बसून चला, पण या टायरवर घाट नाही." तो जीपमध्ये बसला. माझा विश्वास तिथेच बसला.

मूवाट्टुपुळा, कोदमंगलम मागे पडलं, रबराच्या बागा संपल्या आणि पेरियारवरचा नेरियमंगलमचा कमानींचा पूल आला, १९३५ सालचा. पूल ओलांडला की जंगल आणि घाट. चीयाप्पारा धबधबा अगदी रस्त्याला लागून कोसळतो. तिथे कार, बस, सेल्फीवाले अशी एकच गर्दी होती, म्हणून लीडनं थांबू दिलं नाही. पुढे एका टपरीवर कट्टन चाया, म्हणजे कोरा चहा, आणि गरम पळंपोरी मिळाली. भिजलेल्या अंगाला पिकल्या केळ्याची ती भजी फार आधार देते.

अडिमालीनंतर धुकं उतरलं. हेल्मेटचा व्हायझर आतून धूसर झाला आणि मी मागे पडले. पुढचे लाल दिवे एकेक करत दिसेनासे झाले. आरशात मात्र एक हेडलाइट होता, तेवढ्याच अंतरावर, शेवटपर्यंत. तो स्वीपचा. सगळे त्यांना चेट्टन म्हणतात, म्हणजे दादा. त्यांनी एकदाही हॉर्न दिला नाही की जवळ येऊन घाई केली नाही. मी कडेला थांबले तर तेही मागे इंडिकेटर लावून थांबले. व्हायझर एक खाच उघडा ठेवा, उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनलाच गाडी धरू द्या, वळणात पुढचा ब्रेक दाबू नका, एवढंच सांगितलं. पावसात ग्रुप राइड घ्यायची तर लीडच्या आधी स्वीप कोण आहे ते विचारा, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

पळ्ळिवासलपासून चहाचे मळे सुरू होतात. कमरेला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळलेल्या बाया भर पावसात कात्रीनं पानं छाटत होत्या. आपसात तमिळ बोलत होत्या. इथल्या बहुतेक मजुरांची घरची भाषा तीच.

रविवारी देवीकुळमच्या बाजूचा गॅप रोड ठरला होता. रात्रभर पाऊस पडला, ऑरेंज अलर्ट आला आणि सकाळी सहालाच लीडनं तो रद्द केला. मरयूरचा रस्ता सुरू असल्याची पोलिसांकडे खात्री करून तिकडे वळवलं. काहीजण नाराज झाले. मला मात्र तो निर्णय पूर्ण पटला. जुलै २०२१ मध्ये आमच्या तालुक्यात आंबेघर आणि मिरगाववर दरडी आल्या, ते दिवस मी विसरलेले नाही. याच मुन्नारजवळ पेट्टिमुडीत ६ ऑगस्ट २०२०च्या रात्री मजुरांच्या चाळींवर डोंगर आला आणि ७० माणसं गेली. पेट्टिमुडीजवळच्या राजमलावरून जाताना आमच्यात कुणी बोललं नाही.

चाळीसेक किलोमीटरवर मरयूर, आणि तिथे पाऊसच नाही! ढग पश्चिमेच्या उतारावर रिकामे होतात, पलीकडे कोरडा वारा. पावसाळी कोयनानगरहून कोरड्या दहिवडीला गेल्यासारखं वाटलं. चंदनाचं जंगल, ऊस आणि गुऱ्हाळं. इथला गूळ ढेपेत ओतत नाहीत, हातानं गोळे वळतात. त्याला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. मी कराडच्या गुळावर वाढलेली, तरी दोन किलो घेतला.

तक्रारी आहेत. सामानाची जीप पुढे निघून गेली, त्यामुळे कोरडे हातमोजे हवे तेव्हा मिळाले नाहीत. मुक्कामी कपडे वाळवायची सोय नव्हती, रविवारी सगळ्यांनी ओलेच बूट चढवले. साडेसहा हजारांत हे चालणार नाही. आणि एका स्वीपला चौदा गाड्या फार होतात. माझ्यासाठी चेट्टन थांबले तेव्हा दुसरं कुणी अडलं असतं तर?

कोचीत परतल्यावर हे सगळं लीडला सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. सप्टेंबरला दहाच गाड्या नेणार आणि जीप मागे ठेवणार म्हणाले. मी नाव दिलंय, चेट्टन येणार आहेत का ते विचारून.