थंडीच्या रात्री फळझाडांसाठी आच्छादन, पाणी की धूर?

सांताक्रूझ येथे आजवर नोंदवले गेलेले सर्वांत कमी तापमान 7.4 अंश सेल्सिअस असून ती नोंद 27 जानेवारी 1962 ची आहे. एरवी मुंबईत जानेवारीतील किमान तापमान 16-17 अंशांच्या आसपास असते. त्यामुळे सोसायटीच्या आवारात आंबा, चिकू किंवा फणस असलेल्यांनी थंडीसाठी काहीही करू नये, असेच माझे मत आहे. आंब्याला तर मोहोर फुटण्यासाठी अशा गार रात्री हव्याच असतात. प्रश्न आहे तो मुंबईत राहून मुरबाड-कर्जतच्या बाजूला जमीन घेतलेल्या आणि तिथे केळी-पपई लावलेल्या मंडळींचा. समुद्रापासून दूर, खोलगट जागी, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असताना पारा शहरापेक्षा बराच खाली जातो, आणि 10 अंशांच्या जवळ केळीची वाढ जवळजवळ थांबते.

लहान रोपांसाठी आच्छादन हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे, मात्र ते नीट घातले तरच. रोपाभोवती तीन बांबू रोवून त्यांवर गोणपाट किंवा जुनी चादर अशी सोडावी, की कापड पानांना टेकणार नाही आणि खालची कड जमिनीला लागून विटांनी दाबली जाईल. कारण ऊब झाडातून नव्हे, तर दिवसभर तापलेल्या मातीतून येते. शेंड्यावर टोपीसारखे कापड बांधून बुंध्याशी आवळले, तर मातीची ऊब बाहेरच राहते. प्लास्टिक स्वस्त पडते, पण त्याला चिकटलेली पाने रात्री गारठतात आणि सकाळी काढायला उशीर झाल्यास उन्हात होरपळतात. शनिवार-रविवारीच शेतावर जाणाऱ्याने, रोज सकाळी कापड काढणारा माणूस तिथे नसेल, तर आच्छादनाच्या फंदात पडू नये.

अशा मालकासाठी आणि कापडात न मावणाऱ्या मोठ्या झाडांसाठी पाणी बरे, कारण ठिबक संचाला टायमर लावता येतो. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता साठवते. ती दिवसा तापायला हवी, म्हणून पाणी थंडीची लाट येण्याच्या एक-दोन दिवस आधी द्यावे. इथेच एक विरोधाभास आहे: उन्हाळ्यात उपकारक ठरणारा पेंढ्याचा जाड थर मुळांना जपतो, पण मातीची ऊब वर येऊ देत नाही, त्यामुळे पानांभोवतीची हवा अधिक गार राहते. कडाक्याच्या रात्रींपुरता तो बुंध्यापासून बाजूला सारलेला बरा. कुंड्यांना मात्र जास्तीचे पाणी देऊ नये, गार ओल्या मातीत मुळे कुजतात; त्या दुपारभर ऊन खाल्लेल्या पश्चिमेच्या भिंतीला टेकवणे पुरेसे असते.

धुराबद्दल मला फारसा भरवसा नाही. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा; धूर स्वतः जमिनीची उष्णता फारशी अडवत नाही, आणि शहरात कचरा पेटवणे नियमबाह्यही आहे. दिवे लावायचे असतील तर जुने, तापणारे बल्ब हवेत. एलईडीने ऊब मिळत नाही.

उपाय कोणताही निवडला, तरी करपलेली पाने लगेच छाटू नयेत. ती आतल्या कोवळ्या शेंड्याला आडोसा देतात, आणि घाईने छाटणी केल्यास फुटणारी नवी पालवी पुढच्याच थंडीत सापडते.