पीएचपी : अकरा वर्षं वापरून झाल्यावर, सावद्याहून लिहिलेला रिव्ह्यू

मागच्या आठवड्यात भाचा आला होता पुण्याहून, माझ्या स्क्रीनवर पाहिलं आणि लगेच म्हणाला, "मामा, अजून पीएचपीच? ती मेलेली भाषा आहे." (पीएचपी म्हणजे वेबसाईटमागचे प्रोग्राम लिहायची कॉम्प्युटरची भाषा.) तेव्हा ताटात भरीत नि कळण्याची भाकरी होती, विषय वाढवला नाही. पण डोक्यातून काही गेलं नाही, म्हणून जे वापरलंय त्यावरूनच लिहितो.

आधी माझं काम सांगतो म्हणजे कशाच्या जोरावर बोलतोय ते कळेल. जळगाव जिल्ह्यातल्या सावदा, फैजपूर, रावेर या पट्ट्यातल्या केळीच्या व्यापाऱ्यांना हिशोबाचं सॉफ्टवेअर करून देतो. गाडी काट्यावर आली की वजन, त्या दिवसाचा बोर्ड भाव, कटती, हमाली, शेतकऱ्यानं आधी घेतलेली उचल, आणि शेवटी निघते ती पट्टी, म्हणजे शेतकऱ्याचं बिल. 2014 पासून एकटाच करतोय, सगळं पीएचपी आणि मायएसक्यूएल (नोंदी साठवणारा डेटाबेस) वर.

पहिली गोष्ट, खर्च. साधं शेअर्ड होस्टिंग (अनेकांत वाटलेला भाड्याचा सर्व्हर) घेतलं, फाईल चढवली, झालं चालू. बिल्ड नाही, कंटेनर नाही, सर्व्हर सांभाळायला माणूस नाही. व्यापारी काट्यावरून फोन करतो की भाऊ हमालीचा रेट बदलला, मी एक फाईल बदलतो, तो पान रिफ्रेश करतो आणि नवीन रेट लागलेला असतो. हे ज्याला क्षुल्लक वाटतं त्यानं सीझनमध्ये काट्यासमोर लागलेली गाड्यांची रांग पाहिलेली नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि टीका करणारे त्यावर बोलतच नाहीत. पीएचपीत प्रत्येक रिक्वेस्ट (पान उघडायची प्रत्येक मागणी) कोऱ्या पाटीनं सुरू होते आणि उत्तर दिलं की सगळी मेमरी मोकळी होते. एका पानात मी चूक केली तर ते पान पडतं, शेजारच्या काट्यावरची वजनाची नोंद चालूच राहते. डिफॉल्ट सेटिंगमध्ये एका स्क्रिप्टला 128 एमबी मेमरी आणि 30 सेकंद, त्यापुढे गेली की पीएचपी स्वतःच तिला थांबवते. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत लाईट जाते, माझ्या घरचं सगळं बंद असतं, मी झोपलेला असतो आणि तरी पट्ट्या निघत राहतात. एकट्या माणसाला याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे भो.

आता टीकेबद्दल. काही टीका खरी आहे, ती आधी मान्य करतो. फंक्शनांची नावं आणि आर्ग्युमेंटचा क्रम विस्कळीत आहे, एसटीआरपॉसला (मजकुरात शब्द शोधणारं फंक्शन) आधी मोठा मजकूर आणि मग शोधायचं ते द्यायचं, इन अ‍ॅरेला (हे यादीत शोधतं) बरोबर उलटं. अकरा वर्षांनीही मी मॅन्युअल उघडतो. (मॅन्युअल मात्र फार चांगलं आहे, मी त्यावरच शिकलो.)

डबल इक्वल्सचं (==, दोन गोष्टी सारख्या आहेत का ते तपासणारं चिन्ह) दुखणं तर मी भोगलंय. शेतकऱ्यांना कोड दिले होते, गावाचा आकडा, मग इंग्रजी अक्षर, मग नंबर. एकाचा कोड 1, मग इंग्रजी ई, मग 2. दुसऱ्याचा जुना कोड नुसता 100. पीएचपीनं दोन्ही स्ट्रिंग (म्हणजे अक्षरांचा मजकूर) आकडे समजून वाचल्या, 1 गुणिले दहाचा दुसरा घात म्हणजे 100, आणि दोघं सारखेच ठरवले. एकाची उचल दुसऱ्याच्या पट्टीत कापली गेली. त्या काकांनी घरी येऊन शांतपणे कागद दाखवला, मला फार वाईट वाटलं. पीएचपीच्या 8.0 व्हर्जननं 2020 ला तुलनेचे नियम सुधारले, आधी शून्य आणि "केळी" हा शब्द सारखे निघायचे ते आता निघत नाहीत, पण माझी ही केस अजून तशीच आहे. त्यामुळे ट्रिपल इक्वल्स (===, हे आकडा समजून न वाचता जसंच्या तसं तपासतं), नेहमी, कुठेही अपवाद नाही.

पण बाकीची बरीचशी टीका ज्या पीएचपीवर होते ती आता कुठे राहिलीय? रजिस्टर ग्लोबल्स (बाहेरून आलेली माहिती थेट प्रोग्रामात घुसू देणारी सोय) 2002 लाच डिफॉल्ट बंद झालं आणि 5.4 मध्ये पूर्ण काढलं. एसक्यूएल इंजेक्शनचं (फॉर्ममधून डेटाबेसला खोटी आज्ञा घुसवणं) म्हणाल तर पीडीओ (डेटाबेसशी बोलायची पीएचपीची सोय) 2005 पासून सोबत येतं, प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आज्ञा आणि माहिती वेगवेगळी पाठवणं) वापरा. जुनी मायएसक्यूएलवाली फंक्शनं 2013 ला डेप्रिकेट केली (म्हणजे वापरू नका, पुढे काढणार असं सांगितलं) आणि 7.0 मध्ये काढूनच टाकली. हे मला चांगलं लक्षात आहे कारण माझ्या होस्टिंगवाल्यानं न सांगता व्हर्जन बदललं आणि भर सीझनात तीन व्यापाऱ्यांचं काम बंद पडलं, दोन रात्री बसून सगळं पीडीओवर नेलं. सांगायला पाहिजे होतं त्यानं, ते आहेच. पण भाषेनं दोन वर्षं आधीपासून वॉर्निंग दिली होती. आणि नवीन व्हर्जनवर महिन्याचा रिपोर्ट निम्म्या वेळात यायला लागला.

मराठीबद्दल तर नेहमी ऐकतो, पीएचपीला युनिकोड (सगळ्या लिपींची अक्षरं साठवायची पद्धत) कळत नाही म्हणे. पूर्ण युनिकोडवालं पीएचपी 6 होणार होतं, ते सोडून द्यावं लागलं, हे खरंय. पट्टीवर लांब नाव जागेत बसवायला कापताना शेवटी चौकोन यायचे तेही खरं. पण "केळी" घ्या. लांबी मोजणारं एसटीआरलेन 12 सांगतं कारण ते बाईट मोजतं, एमबी एसटीआरलेन 4 सांगतं कारण ते मात्रा-वेलांटी वेगळी मोजतं, आणि ग्राफीम एसटीआरलेन 2 सांगतं, के आणि ळी, शाळेतलं पोरगं मोजेल तसंच. पायथॉनला नुसती लांबी विचारली तर तो 4 म्हणतो, जावास्क्रिप्टही 4 च. मग एकट्या पीएचपीलाच का धरता? इंटल एक्स्टेन्शन (वेगवेगळ्या भाषांसाठीची पीएचपीची जोडणी) चालू करा, नावं कापायला ग्राफीमवालं फंक्शन वापरा, चौकोन जातात.

आजचं पीएचपी उघडून तर पाहा. नवीन भाषांतल्या सोयी आल्यात, टाईप आहेत, मॅच आहे, 8.1 पासून इनम आणि रीडओन्ली आहेत. कंपोझर (तयार कोड आणून देणारं) आहे, लारावेल (वेबसाईटचा तयार सांगाडा) आहे. मराठी विकिपीडिया उघडता ना, त्याच्यामागचं मीडियाविकी पीएचपीतच लिहिलेलं आहे.

कुठे वापरू नका तेही सांगतो. दर सेकंदाला बदलणारे भाव सगळ्यांच्या मोबाईलवर ढकलायचे होते, ते मी नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायची सोय) केलं, तिथं कायम उघडं राहणारं कनेक्शन लागतं आणि पीएचपीची नेहमीची पद्धत त्याला सोयीची नाही.

माझ्याकडून 5 पैकी 4. जळगाव-भुसावळकडच्या कॉलेजच्या पोरांनी शिकायचं असेल तर 8.3 किंवा 8.4 घ्या, आणि ज्या व्हिडिओत मायएसक्यूएल क्वेरीवालं जुनं फंक्शन दिसेल तो तिथंच बंद करा.

भाच्याला पट्टीचा पूर्ण मॉड्यूल पाठवलाय, 8.4 वरचा. वाचून फोन कर म्हटलं, त्याचा रविवारी येणारे.