लघवीचं कल्चर, सांगलीतली एक लॅब: पाचपैकी चार तारे

कल्चर म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ते कुठल्या औषधाला दाद देतात ते बघणं. लॅबचं नाव लिहीत नाही. लॅब चालवणाऱ्या मॅडम आमच्या पतपेढीच्या सभासद आहेत आणि पुढे एक तक्रार येणार आहे.

सासूबाई 74 वर्षांच्या, शुगर आहे. गेल्या वर्षभरात लघवीची जळजळ चौथ्यांदा झाली. पहिल्या दोन वेळा मीच कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून अँटिबायोटिकची गोळी आणली. काउंटरवरचा मुलगा म्हणायचा, "वहिनी, ही सेफिक्झिम न्या, पाच दिवसांत बरं वाटतंय बघा." चिठ्ठी कधी मागितली नाही, मीही दाखवली नाही. पाच दिवसांच्या गोळ्या आई तीन दिवस घ्यायच्या. आग थांबली की उरलेल्या गोळ्या बिस्किटाच्या डब्यात, "परत लागल्या तर असू देत." तिसऱ्या वेळी त्या डब्यातल्याच मी काढून दिल्या. पैसे वाचले म्हणून खूशही झाले होते.

चौथ्या वेळी डब्यातल्या गोळीने काही झालं नाही. रात्रीतून सहा वेळा उठायच्या. आमचे डॉक्टर म्हणाले, "आता कल्चर केल्याशिवाय अँटिबायोटिक नाही. ताप नाही, तोवर थांबू. थंडी वाजली तर रात्री बाराला फोन करा."

डबी देताना लॅबच्या बाईंनी नीट समजावलं, याला पूर्ण गुण. आधी धुवून घ्यायचं, पहिली धार सोडायची, मधली धरायची, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, दोन तासांत पोचवायचं. ऐकायला सोपं. गुडघे दुखणाऱ्या बाईला देशी संडासात हे करायला लावा एकदा. मी डबी धरून उभी, आई लाजून लाल. "तू तिकडं बघ गं!" तिकडं बघून धार कशी धरू?

घरून सॅम्पल न्यायला मुलगा आला सकाळी 8 ला. लॅबमध्ये नोंद 12 ची. मधले चार तास डबी गाडीच्या डिकीत, एप्रिलचं ऊन. दुसऱ्या दिवशी फोन, मिश्र वाढ आहे, परत द्या. लघवी उबेत राहिली की त्यातले इकडचे-तिकडचे जंतूही वाढतात, मग खरा गुन्हेगार कोण ते कळत नाही. दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत, पण आईंची दोनदा परेड झाली. एक तारा इथे गेला. दुसरी डबी मी स्वतः रिक्षाने नेली, वीस मिनिटांत.

तीन दिवसांनी रिपोर्ट. ई. कोलाय नावाचा आतड्यातला जंतू, मिलिलिटरला 1 लाखाच्या वर, शेजारी ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एस किंवा आर. एस म्हणजे चालेल, आर म्हणजे जंतू दाद देत नाही. सेफिक्झिम आर. सेफ्ट्रियाक्झोन आर, म्हणजे त्याच जातीचं इंजेक्शनही गेलं. सिप्रोफ्लॉक्सासिन आर. आमच्या डब्याची यादी कुणी लॅबला दिली होती की काय!

मी तोंड पाडून बसले तर मॅडमनी आत नेऊन प्लेट दाखवली. ह्या एका गोष्टीसाठी मी परत तिथेच जाईन. फिक्या पिवळ्या जेलीवर जंतूंची धुरकट साय, त्यावर शर्टाच्या बटणाएवढ्या पांढऱ्या चकत्या, प्रत्येकीत एक औषध. काहींभोवती स्वच्छ गोल, तिथे जंतू उगवलेच नाहीत. सेफिक्झिमच्या चकतीला मात्र साय अगदी कडेपर्यंत चिकटलेली. आणखी एका चकतीचा गोल शेजारच्या चकतीकडे ओढल्यासारखा फुगला होता. शेजारच्या चकतीत जंतूचं हत्यार अडवणारं औषध असतं म्हणे, त्यामुळे तेवढ्या भागात पहिलं औषध काम करतं. ईएसबीएल ओळखायची ती खूण. हा जंतू एक एन्झाइम बनवतो आणि सेफिक्झिमच्या घराण्यातल्या औषधांचे तुकडे करून टाकतो.

मॅडमनी विचारलं, "आई कुठं ॲडमिट होत्या का?" छे. शेवटचं हॉस्पिटल 1979 साली, यांच्या जन्माच्या वेळी. मला वाटायचं असले जंतू आयसीयूत असतात. मॅडम म्हणाल्या, आता ते घरोघरी आतड्यात बसलेले असतात, माणूस ठणठणीत असला तरी. एन्झाइम बनवायची कृती डीएनएच्या एका छोट्या कड्यावर लिहिलेली असते, आणि एक जंतू ते कडं दुसऱ्याला देतो, दुसऱ्या जातीच्या जंतूलासुद्धा. अर्धा कोर्स घेतला काय, पुरा घेतला काय, प्रत्येक गोळीसरशी आतड्यातले साधे जंतू मरतात आणि कडंवाल्यांना जागा मोकळी होते. त्यामुळे गरज नसताना घेतलेली पुरी गोळीही तेवढीच वाईट. दिल्लीतल्या पाहणीचं त्यांनी सांगितलं, 2011 मध्ये छापून आलेली. नळाच्या पाण्याचे 50 नमुने घेतले, 2 मध्ये एनडीएम-1 चं जनुक सापडलं. साचलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51 मध्ये. एनडीएम ईएसबीएलपेक्षा वरचढ, मेरोपेनेमसारख्या शेवटच्या फळीतल्या इंजेक्शनलाही पुरून उरतं. "आईंच्यात ते नाही," त्या म्हणाल्या, "पण यायची वाट हीच." घरी येऊन पहिल्यांदा मी पिंपाचा ओगराळा घासला.

येताना मेडिकलमध्ये थांबले. सेफिक्झिम शेड्यूल एच-1 मध्ये येतं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या सरकारी यादीत. मार्च 2014 पासून अशा औषधांचं वेगळं रजिस्टर ठेवायचं, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या, आणि ते तीन वर्षं जपायचं. "रजिस्टर दाखवता का?" काउंटरखालून निघालं. मी पतपेढीत 22 वर्षं कॅशियर आहे, एका बसणीत भरलेलं रजिस्टर मला लांबून कळतं. एकच पेन, एकच तिरपं अक्षर, महिन्याभराच्या नोंदी. आईंचं नाव अर्थातच नाही. मी तरी कुठल्या तोंडानं बोलणार? पाकिटावरची उभी लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, ती मी वर्षभर डिझाइन समजत होते.

डॉक्टरांनी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघून नायट्रोफ्युरँटॉइन दिलं, जेवणानंतर, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. यादीत ते एस होतं. दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली आणि आईंनी घर डोक्यावर घेतलं. रंग औषधाचाच, हे कुणी आधी सांगायला हवं होतं. मळमळलंही. चौथ्या दिवशी आग थांबली तशा म्हणाल्या, "आता बास की." चौदाच्या चौदा कॅप्सूल मी नोटांसारख्या मोजून समोर बसून घ्यायला लावल्या.

कल्चरचे 700 रुपये. आधी अँटिबायोटिक घेतलेलं असेल तर ते काउंटरवर सांगा, कारण अशा वेळी जंतू उगवतच नाही आणि रिपोर्ट खोटा साफ येऊ शकतो. रविवारी लॅब बंद. घरून न्यायला मुलगा बोलावू नका, रिक्षा करा.